चित्रपटातील पोशाखानुसार घरगुती वस्त्ररंजन

चित्रपटातील पोशाखानुसार घरगुती वस्त्ररंजन म्हणजे एखाद्या चित्रपटात पात्राने वापरलेल्या पोशाखाच्या रंगाशी जुळणारा रंग घरच्या घरी कापडाला किंवा तयार कपड्याला देण्याची क्रिया होय. हौशी नाट्यसंस्था, शालेय स्नेहसंमेलने, वेशभूषा स्पर्धा आणि कॉस्प्ले या नावाने ओळखला जाणारा पात्रवेशाचा छंद यांमध्ये ही क्रिया प्रामुख्याने केली जाते. बाजारात नेमक्या छटेचे कापड मिळत नसल्यास, किंवा मिळालेले कापड पोत व वजनाच्या दृष्टीने योग्य असूनही रंगाने वेगळे असल्यास, घरगुती रंजनाचा पर्याय स्वीकारला जातो.

या कामात दोन स्वतंत्र प्रश्न सोडवावे लागतात. जुळवायचा रंग नेमका कोणता, हा पहिला प्रश्न छायाचित्रण व प्रकाशयोजनेशी संबंधित आहे. हाती असलेले कापड तो रंग स्वीकारेल का, हा दुसरा प्रश्न तंतूंच्या रसायनाशी संबंधित आहे. पडद्यावर दिसणारा रंग हा कापडाच्या मूळ रंगापेक्षा बहुधा वेगळा असतो. त्यामुळे रंजनाची कृती अचूक होऊनही केवळ लक्ष्य चुकीचे ठरवल्याने तयार कपडा चित्रपटातील पोशाखासारखा दिसत नाही.

पार्श्वभूमी

भारतात कापड रंगवण्याचे काम पूर्वी व्यावसायिक रंगारी करीत. महाराष्ट्रात रंगारी आणि नीळ वापरून रंगवणारे निळारी या व्यवसायनामांवरून आलेली आडनावे आजही आढळतात. नीळ, मंजिष्ठ, हळद, कुसुंबा, पळसाची फुले व हिरडा हे रंगांचे, तर तुरटी ही रंग पक्का करण्यासाठी लागणाऱ्या रंगबंधकाची प्रमुख साधने होती. १८५६ मध्ये विल्यम हेन्री पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने मॉव्ह हे कृत्रिम रंजक तयार केले आणि त्यानंतर कृत्रिम रंजकांचा उद्योग उभा राहिला. विसाव्या शतकात पुड्यांमधून मिळणाऱ्या तयार रंगांमुळे रंगाई हे घरी करता येण्याजोगे काम बनले. १९५६ मध्ये इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज या ब्रिटिश कंपनीने प्रोसिऑन ही विक्रियाशील रंजके बाजारात आणली. सुती कापडाच्या तंतूशी रासायनिक बंधाने जोडला जाणारा रंग त्यामुळे कोमट पाण्यातही देता येऊ लागला.

चित्रपटातील पोशाखाची प्रतिकृती करून सार्वजनिक ठिकाणी वापरल्याचे एक जुने उदाहरण १९३९ मधील आहे. न्यू यॉर्क येथे भरलेल्या पहिल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात मर्टल डग्लस आणि फॉरेस्ट ॲकरमन हे भविष्यकालीन पोशाख घालून आले होते. डग्लस यांनी शिवलेल्या या पोशाखांवर थिंग्ज टू कम (१९३६) या चित्रपटाचा प्रभाव होता. तो चित्रपट कृष्णधवल असल्यामुळे जुळवण्यासाठी पडद्यावर रंगच उपलब्ध नव्हता.

स्टार वॉर्स (१९७७) व त्यापुढील चित्रपटांच्या चाहत्यांनी प्रतिकृती-पोशाखांची काटेकोर मानके तयार केली. १९९७ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या ५०१ वी लीजन या चाहत्यांच्या संघटनेत सदस्यत्वासाठी पोशाखाचे साहित्य, बांधणी व रंग यांची तपासणी केली जाते. भारतात २०११ पासून भरणाऱ्या कॉमिक कॉन संमेलनांमुळे या छंदाला व्यासपीठ मिळाले.

पडद्यावरील रंग आणि कापडाचा रंग

कृष्णधवल चित्रपट

कृष्णधवल चित्रपटांत पोशाखाचा रंग तो पडद्यावर करड्या रंगाच्या कोणत्या छटेत उमटेल, याचा विचार करून निवडला जात असे. त्यामुळे पडद्यावरील करड्या छटेवरून कापडाचा मूळ रंग निश्चित करता येत नाही. लाल व हिरवा हे अगदी भिन्न रंगही जवळजवळ सारख्याच करड्या छटेत उमटू शकतात. मुघल-ए-आझम (१९६०) हा मुख्यतः कृष्णधवल चित्रपट २००४ मध्ये संपूर्ण रंगीत स्वरूपात पुन्हा प्रदर्शित झाला. कृष्णधवल चित्रित झालेल्या भागांना त्या वेळी संगणकाच्या साहाय्याने रंग देण्यात आले. अशा दृश्यांवरून पोशाखाचा रंग जुळवणारी व्यक्ती प्रत्यक्षात २००४ मधील रंगयोजनेचे अनुकरण करीत असते.

टेक्निकलर

टेक्निकलर प्रक्रियेत शुभ्र पांढरे कापड तीव्र प्रकाशात डोळ्यांना खुपेल इतके चकाकत असे. म्हणून पांढऱ्या दिसणाऱ्या वस्त्रांना आधी फिकट छटा देण्याची पद्धत होती. द विझार्ड ऑफ ऑझ (१९३९) मध्ये डोरोथीच्या निळ्या चौकड्यांच्या झग्याखालील पांढरा दिसणारा पोलका प्रत्यक्षात फिकट गुलाबी होता. एल. फ्रँक बॉम यांच्या १९०० मधील मूळ कादंबरीत डोरोथीचे जादूचे जोडे चांदीचे आहेत. रंगीत चित्रणाचा परिणाम साधण्यासाठी चित्रपटात ते माणकासारखे लाल करण्यात आले. अशा पोशाखाची प्रतिकृती करताना शुभ्र कापड वापरल्यास ते पडद्यावरील प्रतिमेच्या जवळ जाते, तर फिकट गुलाबी कापड मूळ वस्त्राच्या जवळ जाते. दोन्ही एकाच वेळी साधत नाही.

डिजिटल रंगसंस्करण

ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ? (२०००) हा संपूर्णपणे डिजिटल रंगसंस्करण केलेला हॉलिवूडमधील पहिला प्रमुख चित्रपट मानला जातो. छायालेखक रॉजर डीकिन्स यांनी मिसिसिपीतील हिरव्यागार निसर्गाला या प्रक्रियेने वाळलेल्या गवतासारखी पिवळसर-तपकिरी छटा दिली. झाडांचा रंग ज्या प्रक्रियेने बदलतो त्याच प्रक्रियेने पात्रांच्या कपड्यांचा रंगही बदलतो. द मेट्रिक्स (१९९९) मधील आभासी जगाच्या दृश्यांना हिरवी झाक आहे. त्यामुळे तेथील काळे कोट आणि पांढरे सदरे दोन्ही हिरवट दिसतात. प्रतिकृतीसाठी हिरवट काळे कापड निवडणे ही त्यामुळे होणारी नेहमीची चूक आहे.

एकाच चित्रपटाच्या निरनिराळ्या आवृत्त्यांतही रंग बदलतात. स्टार वॉर्सच्या मूळ चित्रपटत्रयीच्या १९९७, २००४ व २०११ मधील आवृत्त्यांत दृश्यांप्रमाणेच रंगांतही फेरफार झाले. यांपैकी कोणती आवृत्ती प्रमाण मानली आहे, हे रंजन सुरू करण्यापूर्वी ठरवणे आवश्यक असते.

मूळ पोशाखाची अवस्था

संग्रहालयात जतन केलेला मूळ पोशाख हा सर्वांत विश्वसनीय संदर्भ वाटत असला, तरी रंजके काळाच्या ओघात फिकट होतात. गॉन विथ द विंड (१९३९) मधील पडद्यांच्या कापडातून शिवलेला हिरवा मखमली पोशाख वॉल्टर प्लंकेट यांनी रचला होता. तो टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील हॅरी रॅन्सम सेंटरमध्ये आहे. या चित्रपटातील पोशाखांच्या जतनासाठी संस्थेने २०१० मध्ये देणग्या गोळा केल्या आणि २०१४ मध्ये ते प्रदर्शनात मांडले. अशा जुन्या वस्त्राचा आजचा रंग हा चित्रीकरणाच्या दिवशीचा रंग असेलच असे नाही. ऊन पोहोचत नाही अशा शिवणींच्या आतील भागांत मूळ छटा तुलनेने अधिक टिकलेली असते.

लक्ष्य-रंग निश्चित करणे

लक्ष्य-रंग ठरवताना एकाच दृश्यावर विसंबून न राहता पोशाखाची वेगवेगळ्या प्रकाशांतील दृश्ये, चित्रीकरणस्थळी घेतलेली स्थिर छायाचित्रे आणि उपलब्ध असल्यास संग्रहालयातील छायाचित्रे एकत्र ठेवून पाहिली जातात. दृश्यातील कागद, पांढरी भिंत किंवा त्वचेचा रंग यांवरून प्रकाशाची झाक ओळखता येते. कागद पिवळा दिसत असेल, तर कपड्यातही तेवढा पिवळेपणा प्रकाशामुळे आलेला असतो. दिवसाच्या मोकळ्या प्रकाशातील दृश्ये सामान्यतः अधिक उपयुक्त ठरतात.

भ्रमणध्वनी, संगणक व दूरचित्रवाणी यांचे पडदे एकच प्रतिमा वेगवेगळ्या छटांत दाखवतात. म्हणून पडद्याशेजारी ओले कापड धरून रंग जुळवण्याची पद्धत टाळली जाते. त्याऐवजी निवडलेल्या छटेचा एक प्रत्यक्ष नमुना मिळवला जातो आणि पुढील सर्व तुलना त्याच्याशीच केली जाते. दोऱ्याच्या रिळांची छटापत्रिका, रंगांच्या दुकानातील छटापत्रिका किंवा ब्लाउजपीसची छोटी चिंधी यासाठी चालते. महाराष्ट्रातील शहरांत ‘मॅचिंग सेंटर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दुकानांत रुबिया कापडाच्या शेकडो छटा एकत्र पाहायला मिळत असल्याने ती या कामासाठी सोयीची असतात.

साडी व ब्लाउजपीस दुकानाबाहेर उजेडात नेऊन पाहण्याच्या प्रथेमागे शास्त्रीय कारण आहे. दोन कापडे एका प्रकाशात एकाच रंगाची दिसूनही दुसऱ्या प्रकाशात भिन्न दिसू शकतात. या घटनेला मेटामेरिझम म्हणतात. दोन्ही कापडांतील रंजकांचे मिश्रण वेगळे असल्यामुळे असे घडते. म्हणून नमुना सूर्यप्रकाशात, तसेच पोशाख ज्या ठिकाणी वापरला जाणार आहे तेथील दिव्यांच्या प्रकाशात तपासला जातो. रंगमंचावरील पिवळ्या प्रकाशात निळा रंग मंद, तर नारिंगी रंग अधिक तेजस्वी दिसतो.

कापडाची ओळख

कोणते रंजक वापरायचे हे कापडाच्या तंतूवर अवलंबून असते. कापडाच्या किनारीवरील किंवा तयार कपड्याच्या चिठ्ठीवरील माहिती उपलब्ध नसल्यास काही धागे काढून ज्वलन-चाचणी घेतली जाते. चिमट्यात धरलेले धागे धातूच्या ताटलीवर, पाणी जवळ ठेवून जाळले जातात.

• सूत, ताग, व्हिस्कोज: कागदासारखे जळतात आणि मऊ करडी राख उरते.
• रेशीम व लोकर: केस जळल्यासारखा वास येतो. ज्योतीबाहेर काढल्यावर जळणे मंदावते. उरलेला काळा गोळा बोटांनी सहज चुरडतो.
• पॉलिस्टर व नायलॉन: वितळतात आणि थंड झाल्यावर कठीण मणी तयार होतो.

मिश्र कापडांत, उदाहरणार्थ टेरिकॉटमध्ये, सुती रंजक केवळ सुती धाग्यांना लागते. पॉलिस्टरचे तंतू पूर्वीच्याच रंगाचे राहतात आणि एकंदर छटा अपेक्षेपेक्षा फिकट दिसते. तयार सुती कपड्यांची शिवण बहुधा पॉलिस्टर दोऱ्याची असते. त्यामुळे पांढरा कुर्ता गडद तपकिरी रंगवल्यावर शिवणीच्या रेषा पांढऱ्याच उरतात. हे टाळण्यासाठी कापड आधी रंगवून नंतर जुळणाऱ्या दोऱ्याने शिवले जाते. पाण्याला विरोध करणारे किंवा सुरकुतीरोधक लेप दिलेले कापड रंग असमान घेते. जर रंगाईच्या द्रावणात काळवंडू शकते. म्हणून जरीच्या साड्या व पैठणी यांवर घरी प्रयोग केला जात नाही.

रंजकांचे प्रकार

• विक्रियाशील रंजके: सूत, ताग व व्हिस्कोजसाठी. धुण्याच्या सोड्याच्या साहाय्याने तंतूशी रासायनिक बंध निर्माण होतो. धुतल्यावर रंग चांगला टिकतो.
• प्रत्यक्ष रंजके: सुतासाठी. गरम पाणी व मीठ पुरेसे असते, मात्र प्रत्येक धुण्यात थोडा रंग जातो. एका प्रयोगापुरत्या पोशाखासाठी योग्य.
• अम्लीय रंजके: लोकर, रेशीम व नायलॉनसाठी. उष्णता व शिरक्यासारखे सौम्य आम्ल लागते.
• डिस्पर्स रंजके: पॉलिस्टरसाठी. कारखान्यांत ही क्रिया दाबाखाली सुमारे १३० अंश सेल्सिअस तापमानाला होते. घरी उकळत्या पाण्यात फिकट ते मध्यम छटा मिळतात, परंतु गडद छटा कठीण असते.
• सर्वोपयोगी पुड्या: अनेक घरगुती रंगांत प्रत्यक्ष व अम्लीय रंजकांचे मिश्रण असते. मिश्र कापडावर यांतील काही रंजके सुताला, तर काही नायलॉनला किंवा रेशमाला लागतात. परिणामी एकाच भांड्यातील दोन कापडांच्या छटा भिन्न येतात.

सुती कापडाचा रंग शिरक्याने पक्का होतो असा व्यापक समज आहे. शिरका अम्लीय रंजकांना उपयोगी आहे. सुतावरील विक्रियाशील रंजकांना मात्र त्याच्या विरुद्ध, म्हणजे अल्कधर्मी, माध्यम लागते. मिठामुळे रंजक पाण्यातून तंतूकडे ढकलले जाते, पण केवळ मिठाने बंध तयार होत नाही.

हळदीसारख्या नैसर्गिक रंगाने तेजस्वी पिवळा मिळतो, परंतु तो उन्हात लवकर उडतो आणि अल्कलीच्या संपर्कात तांबडा होतो. हळदीपासून कुंकू तयार करताना घडणारा बदल हाच होय. साबणाच्या पाण्यात पडताच हळदीने रंगवलेल्या पोशाखावर तांबडे डाग याच कारणाने उमटतात.

नमुना-चाचणी

घरगुती रंजनातील यश मुख्यतः नमुना-चाचणीवर अवलंबून असते, कारण गडद झालेले कापड पुन्हा पूर्वीसारखे फिकट करणे क्वचितच शक्य होते. रंजकाचे प्रमाण कोरड्या कापडाच्या वजनाच्या टक्केवारीत मांडले जाते. फिकट छटेसाठी सुमारे ०.५ ते १ टक्का, मध्यम छटेसाठी २ टक्के आणि गडद छटेसाठी ४ टक्के हे प्रारंभिक प्रमाण मानता येते. काळ्या रंगासाठी याहून अधिक रंजक लागते.

अल्प प्रमाणातील पूड घरच्या काट्यावर अचूक मोजता येत नसल्याने १० ग्रॅम रंजक विरघळवून १ लिटर द्रावण तयार केले जाते. या द्रावणाच्या १०० मिलिलिटरमध्ये १ ग्रॅम रंजक असते. प्रत्येक मूळ रंगाचे असे स्वतंत्र द्रावण करून त्यांची मिश्रणे नमुन्यांवर तपासली जातात. नमुना त्याच कापडाचा असावा लागतो. तयार कपडा असल्यास आतील शिवणीची वाढीव पट्टी वापरली जाते.

ओले कापड कोरड्या कापडापेक्षा गडद दिसते. त्यामुळे नमुना धुऊन, वाळवून व इस्त्री करून मगच तुलना केली जाते. प्रत्येक नमुन्यासोबत प्रमाण, वेळ आणि तापमान यांची नोंद ठेवली जाते.

चित्रपटांतील पोशाख वापरलेले, जुने किंवा मळलेले दिसावेत म्हणून त्यांवर संस्कार केलेले असतात. पुडीतून थेट मिळणारा रंग त्या मानाने भडक दिसतो. तो मंद करण्यासाठी पूरक रंगाचा अंश मिसळला जातो. हिरव्यात किंचित लाल, नारिंगीत किंचित निळा, जांभळ्यात किंचित पिवळा घातल्यास तेज कमी होते. शुभ्रपणा मोडण्यासाठी चहाच्या सौम्य द्रावणात कापड बुडवण्याची पद्धतही प्रचलित आहे.

उदाहरण

अटोन्मेंट (२००७) या चित्रपटात अभिनेत्री किरा नाइटली यांनी परिधान केलेला हिरवा रेशमी पोशाख जॅकलिन डुरन यांनी रचला असून त्याच्या अनेक प्रतिकृती करण्यात आल्या आहेत. पोशाख मुख्यतः रात्रीच्या, दिव्यांच्या उजेडातील दृश्यांत दिसतो. दिव्याच्या पिवळ्या प्रकाशामुळे पडद्यावरील हिरव्यात पिवळेपणाचा अंश वाढतो. पडद्यावरील छटा जशीच्या तशी कापडावर उतरवल्यास आणि ते कापड पुन्हा पिवळ्या दिव्याखाली वापरल्यास पिवळेपणा दुप्पट झाल्यासारखा दिसतो. म्हणून लक्ष्य-रंग पडद्यापेक्षा किंचित निळसर व गडद ठेवणे श्रेयस्कर ठरते.

प्रमाण काढण्याची रीत पुढीलप्रमाणे असते. ५ ग्रॅम वजनाच्या रेशमी नमुन्याला २ टक्के प्रमाणाने ०.१ ग्रॅम रंजक, म्हणजे वरील द्रावणाचे १० मिलिलिटर लागतात. त्यांत पिवळे ६, निळे ३.५ आणि लाल ०.५ मिलिलिटर घेऊन मिळालेली छटा पसंत पडली, तर ४०० ग्रॅम कापडासाठी प्रत्येक प्रमाण ८० पट केले जाते. म्हणजेच पिवळे ४८०, निळे २८० व लाल ४० मिलिलिटर. निरनिराळ्या उत्पादकांच्या रंजकांची तीव्रता सारखी नसते. त्यामुळे हे आकडे केवळ हिशेबाची पद्धत दाखवतात. प्रत्यक्ष प्रमाण नमुन्यावरूनच ठरवावे लागते.

कृती

सुती कापड

१. कापड साबण व थोडा धुण्याचा सोडा घालून गरम पाण्यात धुतले जाते. कांजी, तेलकटपणा व लेप निघून जाणे आणि कापड आधीच आटणे हे यामागील हेतू असतात. नंतर ते ओलेच ठेवले जाते.

२. कापडाच्या वजनाच्या सुमारे २० पट पाणी, म्हणजे ५०० ग्रॅम कापडाला १० लिटर, घेतले जाते. कापड मोकळेपणाने हलेल इतके मोठे भांडे आवश्यक असते.

३. थंड प्रकारच्या विक्रियाशील रंजकासाठी पाणी ३५ ते ४० अंश सेल्सिअस ठेवले जाते. पूर्ण विरघळलेले रंजक गाळून घातले जाते. न विरघळलेल्या कणांमुळे ठिपके उमटतात.

४. दर लिटरला सुमारे ५० ग्रॅम मीठ तीन हप्त्यांत घातले जाते आणि कापड २० ते ३० मिनिटे सतत हलवले जाते.

५. दर लिटरला १० ते २० ग्रॅम धुण्याचा सोडा वेगळ्या पाण्यात विरघळवून, कापड बाजूला सारून घातला जातो. कापडावर थेट ओतल्यास तेथे गडद डाग पडतो. यानंतर सुमारे एक तास ढवळणे चालू ठेवले जाते.

६. कापड आधी थंड पाण्यात, नंतर साबण घातलेल्या गरम पाण्यात, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतले जाते. तंतूला न जोडलेला रंग या टप्प्यावर निघाला नाही, तर तो पुढे घामाने अंगाला किंवा पोशाखाच्या इतर भागांना लागतो.

७. कापड सावलीत वाळवले जाते.

रेशीम व लोकर

अम्लीय रंजकाच्या द्रावणात भिजवलेले कापड कोमट पाण्यात सोडून तापमान हळूहळू वाढवले जाते. रेशमासाठी सुमारे ८० ते ८५ अंश, तर लोकरीसाठी उकळबिंदूच्या किंचित खाली तापमान ठेवतात. शिरका टप्प्याटप्प्याने घातला जातो. पाणी जवळजवळ रंगहीन झाल्यावर भांडे बंद करून कापड त्यातच थंड होऊ दिले जाते. लोकर जोराने घुसळल्यास किंवा गरम पाण्यातून एकदम थंड पाण्यात टाकल्यास ती नमद्यासारखी घट्ट होऊन आटते.

आधीचा रंग काढणे

रंगीत कापडावर दिलेला रंग मूळ रंगात मिसळून दिसतो. पिवळ्या कापडावर निळा दिल्यास हिरवा होतो आणि गडद कापडावर फिकट रंग दिसत नाही. अशा वेळी मूळ रंग उतरवला जातो. व्यवहारात ‘हायड्रोस’ म्हणून ओळखले जाणारे सोडियम हायड्रोसल्फाइट यासाठी वापरतात. क्लोरीनयुक्त विरंजक फक्त सूत व तागावर चालते. रेशीम आणि लोकर त्यामुळे नष्ट होतात. विरंजनानंतर सोडियम थायोसल्फेट, म्हणजेच ‘हायपो’, वापरून क्लोरीनचा अंश निष्प्रभ केला जातो. विरंजन थांबवण्यासाठी शिरका घालू नये, कारण आम्ल व क्लोरीनयुक्त विरंजक एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो. रंग काढल्यावर कापड पांढरे होईलच असे नसते. ते पिवळसर, तपकिरी किंवा गुलाबीही उरू शकते आणि ती छटा पुढील मिश्रणात हिशेबात धरावी लागते.

सामान्य दोष व कारणे

• डाग व ढगाळपणा: लहान भांडे, कोरडे कापड बुडवणे किंवा अपुरे ढवळणे.
• अपेक्षेपेक्षा फिकट छटा: मिश्र कापड, कापडावरील लेप, जुने रंजक किंवा वजनाच्या मानाने कमी रंजक.
• दोन भागांत रंगभेद: पोशाखाचे भाग वेगवेगळ्या वेळी रंगवणे. सदरा, बाह्या, पट्टा आणि राखीव कापड एकाच भांड्यात, एकाच वेळी रंगवल्याने हा दोष टळतो.
• काळ्यात तांबूस किंवा हिरवट झाक: काळी पूड बहुधा अनेक रंजकांचे मिश्रण असते आणि त्यांतील घटक कापडाला सारख्या प्रमाणात लागत नाहीत.

सुरक्षितता व सांडपाणी

विक्रियाशील रंजकांची पूड श्वासावाटे वारंवार शरीरात गेल्यास श्वसनमार्गाची ॲलर्जी होऊ शकते. पूड मोजताना मुखपट्टी वापरणे व पंखा बंद ठेवणे, तसेच संपूर्ण कामात रबरी हातमोजे घालणे आवश्यक मानले जाते. रंगाईसाठी वापरलेले पातेले, चमचा किंवा गाळणी पुन्हा स्वयंपाकासाठी वापरली जात नाही. स्टेनलेस स्टील किंवा न तडकलेली एनॅमलची भांडी योग्य ठरतात. ॲल्युमिनियमवर सोड्याची क्रिया होत असल्याने ते टाळले जाते.

बेंझिडीनवर आधारित आणि इतर काही ॲझो रंजकांवर त्यांच्या घातकतेमुळे भारतात १९९० च्या दशकात बंदी घालण्यात आली. निनावी सुट्या पुडीत कोणते रंजक आहे हे कळत नसल्याने, विशेषतः लहान मुलांच्या पोशाखासाठी, घटक नमूद केलेले रंजक वापरणे सुरक्षित असते. उरलेले द्रावण विहीर, ओढा किंवा बागेत न टाकता भरपूर पाण्यासह सांडपाण्याच्या वाहिनीत सोडले जाते.

भारतीय चित्रपटांतील संदर्भ

कोल्हापूर येथे जन्मलेल्या वेशभूषाकार भानू अथैया (१९२९–२०२०) यांना गांधी (१९८२) या चित्रपटासाठी ऑस्कर पुरस्कार मिळाला. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय होत. स्टार वॉर्सचे वेशभूषाकार जॉन मोलो हे या पुरस्काराचे सहमानकरी होते. ब्रह्मचारी (१९६८) मध्ये मुमताज यांनी नेसलेली, अथैया यांनी रचलेली नारिंगी साडी आणि हम आपके हैं कौन..! (१९९४) मधील माधुरी दीक्षित यांची जांभळी साडी यांचे मोठ्या प्रमाणावर अनुकरण झाले. जुन्या रंगीत चित्रपटांच्या फितींवरील रंग कालांतराने उडतात आणि प्रती तांबूस होतात. त्यामुळे या काळातील पोशाखांच्या रंगासाठी चांगल्या प्रकारे पुनरुज्जीवित केलेली प्रत पाहणे आवश्यक असते.

मर्यादा

पडद्यावरील प्रतिमा प्रकाश उत्सर्जित करते किंवा प्रक्षेपित प्रकाशातून तयार होते, तर कापड केवळ त्यावर पडलेला प्रकाश परावर्तित करते. शिवाय पोत व चकाकीनुसार एकच रंजक निरनिराळे दिसते. सॅटिन व मखमल यांवर समान प्रमाणात दिलेला रंग समान दिसत नाही. यामुळे चित्रपटातील पोशाखाशी सर्व प्रकाशांत तंतोतंत जुळणारा रंग घरगुती पद्धतीने मिळवता येत नाही. ठरवलेल्या नमुन्याशी आणि ठरवलेल्या प्रकाशात जुळणारा रंग मिळवणे, हे या क्रियेचे साध्य उद्दिष्ट होय.

हे सुद्धा पहा

• रंजक
• वेशभूषा
• नीळ
• भानू अथैया
• कॉस्प्ले